दाजी आणि पडद्यावरची नावाडीण

माझ्या साडूंनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवल्याचं निदान मी तरी पाहिलेलं नाही. सकाळी ऊन आलं की ते आधी गॅलरीत येऊन घड्याळाकडे बघतात, मग सूर्याकडे बघतात, आणि दोघांपैकी कोण चुकतंय याचा विचार करत चहा घेतात. चहाही आधी चमचाभर. दूधवाला, हवामान खातं, वजनकाटा, लिफ्टमधून 'दरवाजा बंद होत आहे' असं सांगणारी बाई, या सगळ्यांकडे त्यांचं बारीक लक्ष असतं. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला 'पाहुणे' म्हणतात, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या 'पाहुणे'मध्ये अजून असा एक सूर आहे, की जणू माझा निकाल राखून ठेवलेला आहे.

त्याला कारणही तसंच आहे. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्यांनी मला बघायला थोरले जावई म्हणून दाजींना पाठवलं होतं. आमच्या घरी आले, पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढून एकेक तपासून खाल्ले, आणि मग खिशातून माझा फोटो काढला. मला म्हणाले, "जरा खिडकीपाशी या." मी गेलो. त्यांनी फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "फोटोत कान लहान दिसतायत."

वडील जरा चिडूनच म्हणाले, "फोटोग्राफरनं केलं असेल काहीतरी."

"तेच विचारतोय," दाजी म्हणाले. "आणखी काय काय केलंय?"

यात त्यांचा फार दोष नव्हता. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणीत गेली. एका हाताशी मंजूर झालेला नमुना, दुसऱ्या हाताशी छापून आलेला कागद, आणि दिवसभर या दोघांत काय फरक आहे तेवढंच बघायचं. रंग केसभर सरकला, रेघ जरा जाड आली, की कागद बाद. असं वर्षानुवर्षं केल्यावर माणसाला जगातली प्रत्येक वस्तू कशाची तरी बिघडलेली प्रत वाटू लागली तर नवल नाही. ते प्रत्येक गोष्ट उजेडात धरून बघतात. पापड, लग्नपत्रिका, डॉक्टरांची चिठ्ठी, नव्या शर्टाचं कापड. नातू झाला तेव्हा त्यालाही उचलून ते खिडकीशी घेऊन गेले आणि आम्ही सगळे धास्तावलो. पण त्यांना फक्त काविळीची शंका होती, आणि ती खरी निघाली. तेव्हापासून घरात त्यांच्या संशयाला एक वैद्यकीय प्रतिष्ठा आली. मिसळ खायला गेलो तर ते आधी वेगळ्या वाटीत रस्सा मागवतात आणि पोऱ्याला विचारतात, "आजचाच ना रे?" तो म्हणतो, "आजचाच, काका." मग दाजी वाटीत बघत म्हणतात, "मग एवढा समजूतदार कसा झाला?"

पण हे सगळे फुटकळ संशय. दाजींचा खरा, मुरलेला संशय राखून ठेवलेला होता तो पुस्तकांवरून काढलेल्या सिनेमांसाठी. त्यातही अद्भुत कादंबऱ्यांवरच्या. साध्या सामाजिक कादंबरीचं सिनेमावाल्यांनी काही केलं तरी ते फारसं मनावर घेत नसत. "घर ते घरच दाखवणार, सासू ती सासूच," म्हणायचे. पण जिथे राक्षस आहेत, उडती गलबतं आहेत, बोलणारे डोंगर आहेत, तिथे ते पोलीस पंचनाम्याला जातात तसे जायचे. पहिल्या दिवशी, पुस्तक पिशवीत घालून. अंधारात हाताची घडी घालून बसायचे आणि थोड्या थोड्या वेळानं, स्वतःशीच पण पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "नाही." एकदा तर मध्यंतरात त्यांनी थिएटरच्या मॅनेजरला गाठलं. तो बिचारा कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलेला दिसत होता. दाजी म्हणाले, "तिकिटावर तुम्ही पुस्तकाचं नाव छापलंय आणि आत भलतंच दाखवताय."

तो म्हणाला, "सर, आम्ही फक्त लावतो."

"काय लावताय ते बघून लावत नाही?"

"सर, मी पुस्तक वाचलेलं नाही."

"मग पिक्चर काढणाऱ्यानंही वाचलं नसेल, अशी शंका तुम्हाला का नाही आली?" एवढं बोलून दाजी परत आत जाऊन बसले. उरलेला सिनेमाही तपासायचा होता.

त्यांच्या सगळ्या आवडत्या पुस्तकांच्या वर एक पुस्तक होतं. तीन भागांची, मराठीतलीच, जुनी कादंबरी. तिचं नाव ते कधी घेत नसत, 'आपलं पुस्तक' म्हणत. इगतपुरीला रेल्वे कॉलनीत त्यांचं लहानपण गेलं. वडील रेल्वेत. तिथे पावसाळ्यात घाटातून धुकं उतरलं की समोरच्या क्वार्टरचं दारही दिसत नाही. शाळेतल्या त्या वयात, अशाच एका धुक्याच्या पावसाळ्यात, त्यांनी ती कादंबरी वाचली. तिच्यात धुक्यात बुडालेली सात गावं आहेत, मधोमध तळं आहे. एक राजा आहे, त्याची सावली त्याला सोडून गेली आहे. माणसाएवढा पांढरा बगळा आहे, जो तिन्ही भागांत मिळून एकदाच बोलतो. आणि एक नावाडीण आहे. धुक्यात अडकलेल्यांना ती पलीकडे नेते आणि तू कोण, कुठला, असं कुणालाच विचारत नाही. दाजींना बरीच वर्षं वाटत होतं, की ही गावं घाटाखालीच कुठेतरी आहेत, नकाशावाल्यांनी ती हलगर्जीपणानं गाळली आहेत.

हे पुस्तक आमच्या घरातही सगळ्यांना पाठ होत आलं, त्याचं कारण ताई. ताई म्हणजे दाजींची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. येवल्याच्या विणकरांच्या घरातली, त्यामुळे रंगांची भारी हौस. आणि नेमके शुगरनं तिचे डोळे नेले. हळूहळू, एकेक रंग काढून घेत नेले. ऑपरेशनं झाली, मुंबईला जाऊन आले, उपयोग झाला नाही. दाजी तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी डॉक्टरांच्या शब्दावर अर्थातच विश्वास ठेवला नाही, आणखी दोघा-तिघांना दाखवलं. मग एक दिवस मुकाट्यानं जेलरोडच्या घराच्या गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या आणि ताईला 'आपलं पुस्तक' वाचून दाखवायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या वाचनात मात्र संशयाचा लवलेश नसायचा. आवाजच बदलायचा. बगळा बोलतो ते पान आलं की खालून जाणारा भाजीवालाही थांबायचा, असं ताई म्हणते. मी स्वतः भाजीवाल्याला थांबलेलं पाहिलं आहे, पण तो ताईला भाजी द्यायला थांबला असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही. दाजींच्या सहवासाचा हा परिणाम.

आणि मग बातमी आली, की 'आपल्या पुस्तका'वर सिनेमा येतोय. मोठा, खर्चिक, चार भाषांतला.

दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. पोस्टर लागलं तेव्हा माझ्या स्कूटरवर मागे बसून ते बघायला आले आणि चौकात उतरून पोस्टरसमोर एवढा वेळ उभे राहिले, की वाहतूक पोलिसानं शिट्टी मारली. "बगळ्याला दात हायेत," परत बसताना ते एवढंच म्हणाले. रागावले की त्यांची भाषा सरळ इगतपुरीची गाडी पकडते. ट्रेलर आला तेव्हा त्यांनी तो माझ्या फोनवर थांबवत थांबवत पाहिला. राजाची सावली ठीक. गावं सातच्या सात नाहीत, कुठंतरी काटलीत. मग नावेत उभी असलेली नावाडीण आली, क्षणभरच, आणि तीही पाठमोरी, मान वळवता वळवता. दाजींनी फोन माझ्या हातात परत दिला. "हिला चेहरा कुठनं आणला?" म्हणाले. "पुस्तकात तिचा चेहरा दिलेलाच नाही. एक शब्द नाही. यांना कुणी सांगितला?"

माझी बायको म्हणाली, "अहो दाजी, सिनेमात माणूस दाखवायचा म्हणजे चेहरा लागणारच ना! सिनेमा वेगळा, पुस्तक वेगळं."

"मग नाव वेगळं ठेवायचं."

"तुम्ही जाऊ नका मग."

"जाणारच नाय," दाजी म्हणाले. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. प्रत्येक संशयिताच्या दारात जाऊन उभा राहणारा माणूस या एकाच्या दारात जायला नको म्हणत होता. त्याचं मला तेव्हाच नवल वाटलं.

पण ताई खुर्चीतून म्हणाली, "मला जायचंय."

दाजी चाचरत म्हणाले, "अगं, पण तुला..."

"दिसत नाही, माहितीये मला. तुम्ही शेजारी बसून सांगा की. रोज सांगताच."

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही चौघं गेलो. दाजींनी सुरक्षारक्षकालाच उलट तपासलं, पॉपकॉर्नचा एक दाणा उजेडात धरला आणि आत जाऊन बसले. पडद्यावर 'या चित्रपटातील सर्व घटना काल्पनिक आहेत' अशी पाटी आली. ती त्यांनी ताईला मोठ्यानं वाचून दाखवली आणि वर सांगितलं, "एवढं कबूल केलंय त्यांनी."

मग सिनेमा सुरू झाला, आणि ताईच्या कानाशी दाजींचं कुजबुजणं सुरू झालं. मी पलीकडच्या खुर्चीत होतो, त्यामुळे मला पडदाही दिसत होता आणि दाजीही ऐकू येत होते. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं, की या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पडद्यावर बगळा आगीचे लोळ सोडत किल्ल्यावर तुटून पडला होता, आणि दाजी सांगत होते, "बगळा तळ्यात उभा आहे. एका पायावर. अजिबात हलत नाहीये. धुकं त्याच्या गुडघ्यापर्यंत आलंय."

"मग एवढा धडाधड आवाज कसला येतोय?" ताईनं विचारलं.

दाजी अडले. मग म्हणाले, "यांचं मशीन बिघडलंय. बाहेर सांगून येऊ का?"

"नको. बसा तुम्ही."

माझी बायको तोंडात पदर कोंबून हसत होती. राजा पडद्यावर पाच-पन्नास बायकांबरोबर नाचत होता तेव्हा दाजींनी ताईला राजाचा एकांतवास सांगितला, शब्दन् शब्द, पुस्तकातल्यासारखा. ढोलांच्या दणदणाटात. ताई मान डोलवत होती. तिला सगळं कळत होतं, याबद्दल मला शंका नाही. चाळीस वर्षं या माणसाबरोबर संसार केलेली बाई ती. पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या दोन मुली आधी वैतागून मागे वळल्या होत्या. मध्यंतरात त्यांतली एक वळून दाजींना म्हणाली, "काका, तुमचं जे चाललंय ना, त्यात त्या सावलीचं पुढे काय होतं?" दाजींनी तिच्याकडे, ती सिनेमावाल्यांनी पाठवलेली असावी, अशा नजरेनं बघितलं. पण मग सांगितलं. सविस्तर.

मध्यंतरानंतर नावाडीण आली.

सिनेमात तोवर इतकं काही आपटत, फुटत, जळत होतं, की ती शांतता मला एकदम जाणवली. धुकं, पाणी, वल्ह्याचा आवाज, आणि धुक्यातून नाव पुढे येते. नावेत एक बाई. कोण नटी होती मला माहीत नाही, नवीन असावी. तिनं काहीही केलं नाही. काठावरच्या माणसाकडे फक्त बघितलं, आणि बसायला जरा सरकून जागा दिली. बस्स.

दाजी बोलायचे थांबले.

"काय झालं?" ताईनं विचारलं. "नाव आली का? वल्ह्याचा आवाज येतोय."

ताईनं त्यांचा हात चाचपला. "अहो, सांगा ना." पडद्याच्या उजेडात मला त्यांचं तोंड दिसत होतं. संशय घेणाऱ्या माणसाचं ते तोंड नव्हतं. कुणीतरी त्यांच्या हातातलं काहीतरी काढून नेलं होतं. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत ताई नुसतीच ऐकत बसली.

रिक्षात बसलो. आम्हाला वाटलं, आता तपशीलवार चुकांची यादी येईल, दोन दिवस फोन करतील, निदान माझ्या बायकोला 'सांगितलं होतं ना' म्हणतील. काहीच आलं नाही. पुढच्या आठवड्यात ताईचाच फोन आला. "हे वाचत नाहीत गं. पुस्तक हातात घेतात, उघडतात, आणि ठेवून देतात. मी काही विचारलं तर 'घसा बसलाय' म्हणतात. घसा चांगला आहे. सकाळी पेपरवाल्याशी भांडले."

आम्ही गेलो. दाजींनी दार उघडताच विचारलं, "ताईनं बोलावलं ना तुम्हाला?" मग गॅलरीत आणखी दोन खुर्च्या टाकल्या. चहा झाला. माझी बायको त्यांची लाडकी, तिनं सरळच विषय काढला. "दाजी, एवढं काय मनाला लावून घेता? वाईट होता सिनेमा. सोडून द्या."

"वाईट होता तो सोडला की मी," दाजी म्हणाले. "बगळा सोडला. तो नाच सोडला. बाहेर आलो तेव्हाच विसरलो ते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहुणे, ती बाई चांगली होती."

"कोण? नावाडीण?"

"लय चांगली होती. वाईट असती तर माझं काही बिघडलं नसतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईलाही नाही. ते शाळेत असताना त्यांची आई गेली. घरात तिचा एकच फोटो होता, भिंतीवरचा, आणि इगतपुरीच्या ओलीनं त्याला आतून बुरशी धरली. आधी पदर गेला, मग तोंड. दुसरा फोटो नाही. त्याच पावसाळ्यात त्यांनी ते पुस्तक वाचलं. नावाडीण धुक्यातून आली, लेखकानं तिचा चेहरा काही लिहिला नव्हता, तर त्या पोरानं तिथे आईचा बसवला. पुढे आई तशी आठवेनाशी झाली. पण पुस्तक उघडलं, की त्या पानावर ती असायचीच. नावेत.

"आता उघडलं की ती नटी येते," दाजी म्हणाले. "पुस्तक बंद केलं, परत उघडलं, तरी तीच. सरकून जागा देते. आई काही येईना."

खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकून बसला होता. तेवढ्यात ताई म्हणाली, "पण चेहरा लिहिलाय की तिचा."

"कुठंय? एक शब्द नाही."

"असं कसं? तुम्हीच वाचून दाखवलाय मला. प्रत्येक वेळी." आणि समोर रस्त्याच्या बाजूला तोंड करून ती म्हणू लागली, "कपाळ मोठं. कुंकू जरा खाली लावलेलं. डाव्या भुवईत जुन्या जखमेची खाच. हसायच्या आधी खाली बघते. आणि हातांना घासलेटाचा वास."

दाजींनी पुस्तक ओढलं, ते पान काढलं, आणि बोट फिरवत वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्या हातात दिलं. मीही वाचलं. त्यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. जगातल्या प्रत्येक सिनेमावाल्याला ज्या गुन्ह्यासाठी त्यांनी पकडलं होतं, तो हा माणूस स्वतः गॅलरीत बसून रोज करत आला होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

"घासलेटाचा," दाजी हळूच म्हणाले. "स्टोव्ह भरायची ती." त्यांनी डोळे मिटले होते. "पुढं सांग."

ताईनं सांगितलं. गळ्यात काय, पदर कसा खोचलेला, आवाज बसका की बारीक. काही दाजी ओळखत होते, काहीवर नुसतेच थांबत होते. आम्ही निघायला उठलो होतो ते परत बसलो. असं आता बऱ्याच संध्याकाळी चालतं, असं ताई सांगते. दाजी वाचतात, नाव धुक्यातून येते, ते पुस्तक मांडीवर ठेवतात, आणि ताई चेहरा सांगते. नटी अजून येते म्हणे, पण आधी येत नाही.

त्या पहिल्या दिवशी सगळ्यात शेवटी ताई म्हणाली, "आणि नाकात चमकी."

दाजींच्या कपाळाला आठी पडली. आता हे विचारणार, असं मला वाटलं, कारण तोवर सगळा चेहरा सांगून झाला होता आणि चमकीचा कुठे उल्लेख नव्हता. "कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"डाव्या."

"बरं," दाजी म्हणाले, आणि मान डोलावली.

ताईच्या आईच्या नाकात डाव्या बाजूला चमकी होती, हे मला आमच्या लग्नाच्या फोटोंवरून माहीत आहे. दाजींच्या आईच्याही असेल. तेव्हाच्या बायका घालायच्या. मी त्याबद्दल कुणालाच काही विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.